पाणमांजर आणि आपली नदी: कोल्हापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही भोगावतीच्या काठावरच्या एका गावातली आठ-दहा माणसं. कुणी शेतकरी, दोघी शिक्षिका, एक भोई मामा, एक गॅरेजवाला आणि बाकी कॉलेजची पोरं. महिन्यातून एकदा आम्ही नदीकाठाची फेरी मारतो आणि पाणमांजराच्या खुणा शोधतो. शाळेत, ग्रामसभेत, अगदी लग्नाच्या पंगतीतसुद्धा लोक आम्हाला फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. जिथे 'मी' आहे तिथे माझा स्वतःचा अनुभव समजावा.

पाणमांजर म्हणजे नेमका कोणता प्राणी? मांजराचाच प्रकार का?

नाही, मांजराशी त्याचं नातं नाही. पाण्यात राहून मासे, खेकडे, बेडूक खाणारा हा सस्तन प्राणी आहे. अंग लांबट, पाय आखूड, बोटांमध्ये पडदा, शेपूट जाड आणि ताकदवान. पाण्यात बुडताना कान आणि नाकपुड्या मिटून घेतो. अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचे केस राठ, त्यांच्याखाली अतिशय दाट लव. त्या लवेत हवा अडकून राहते आणि थंडीच्या दिवसांतही पाणी कातडीपर्यंत पोचत नाही. व्हेल किंवा सीलसारखी चरबीची जाड गादी याच्या अंगात नसते, सगळी ऊब त्या केसांत. म्हणून पाण्यावर ऑइलचा तवंग असला किंवा साबणाचं पाणी मिसळलं की केस चिकटतात, हवा निघून जाते आणि जनावर गारठतं. गावातला एक ट्रॅक्टरवाला ओढ्यात ट्रॉली धूत होता, त्याला मी एवढंच सांगितलं. पुढच्या वेळी त्याने ट्रॉली वर बोअरवर नेऊन धुतली.

मग उदमांजर वेगळं?

वेगळं, आणि हा गोंधळ फार जुना आहे. संस्कृतात या प्राण्याला 'उद्र' म्हणतात, त्यावरून मराठीत 'ऊद'. पण 'उदमांजर' हे नाव आपल्याकडे झाडावर राहणाऱ्या, फळं खाणाऱ्या, रात्री माळ्यावर खुडबुड करणाऱ्या प्राण्याला चिकटलं. त्यालाच कांडेचोर म्हणतात. त्यामुळे 'घरात उदमांजर शिरलं' अशी बातमी आली की लोक आम्हाला फोन करतात, पण ते पाणमांजर नसतं. आम्ही सगळीकडे 'पाणमांजर' हाच शब्द वापरतो.

आपल्या भागात कोणतं पाणमांजर आहे?

भारतात तीन जाती आहेत: मुलायम केसांचं, लहान नख्यांचं आणि युरेशियन. महाराष्ट्रातल्या मोठ्या नद्या, जलाशय आणि कोकणातल्या खाड्यांत प्रामुख्याने मुलायम केसांचं पाणमांजर आढळतं. साधारण सात ते अकरा किलो वजन, नाकाच्या टोकापासून शेपटीपर्यंत धरलं तर मीटरभर किंवा थोडं जास्त. शेपूट टोकाकडे चपटी होत जाते, ही याची खूण. एकटं क्वचित दिसतं, बहुतेकदा कुटुंब करून असतं. लहान नख्यांचं पाणमांजर ही जगातली सर्वात लहान जात. ते पश्चिम घाटाच्या दक्षिणेकडच्या डोंगरी ओढ्यांत राहतं आणि मुख्यतः खेकड्यांवर जगतं.

पहिल्या दोन्ही जाती जागतिक पातळीवर संकटग्रस्त मानल्या जातात. त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१९ मध्ये सर्वात कडक बंदी आली.

कोल्हापुरात पाणमांजर खरंच आहे? मी पन्नास वर्षांत पाहिलं नाही.

आहे, पण शहराजवळच्या पंचगंगेत शोधाल तर निराश व्हाल. त्यासाठी नदीच्या वरच्या अंगाला जावं लागतं. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्या प्रयाग चिखलीजवळ एकत्र येऊन पंचगंगा होते (पाचवी सरस्वती, गुप्त मानलेली). पुढे ऐंशीएक किलोमीटर वाहून ती नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. या उपनद्यांचा घाटाकडचा भाग, धरणांच्या फुगवट्यातल्या शांत कडा, राधानगरी-दाजीपूरचं जंगल, उत्तरेला वारणेचा वरचा पट्टा, दक्षिणेला आजरा-चंदगडकडच्या नद्या: पाणी आणि आडोसा दोन्ही मिळेल अशा जागा या आहेत. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या कोयना-चांदोली परिसरातही पाणमांजरं आहेत.

मी स्वतः आजवर दोनदाच पाहिलं. पहिल्यांदा डिसेंबरात, पहाटे, धुकं पाण्यावर अजून तरंगत होतं. पाण्यावर तीन डोकी, प्रत्येकाच्या मागे बाणासारखी फाकत जाणारी लाट. आधी वाटलं साप असतील. मग एकाने वर येऊन चिलापी तोंडात धरली, उताणं झालं आणि पुढच्या पंजांत मासा पकडून डोक्याकडून कुरकुरत खाल्ला. आवाज ऐकू येत होता. काकडी खाल्ल्यासारखा.

जनावर दिसलं नाही तर ते आहे हे कळणार कसं?

खुणांवरून. आमच्या वहीतल्या नोंदींपैकी जवळजवळ सगळ्या खुणांच्याच आहेत.

सर्वात भरवशाची खूण म्हणजे विष्ठा. पाणमांजरं ठरावीक जागी पुन्हा पुन्हा येऊन विष्ठा करतात: पाण्याजवळचा उंच खडक, दोन ओढ्यांचा संगम, वाळूचा ढीग, बंधाऱ्याचा कठडा. ती जागा त्यांची एकमेकांना निरोप ठेवायची पाटीच असते. ताजी असताना काळपट, ओलसर, चिकट. वाळली की राखाडी होऊन भुगा होतो आणि त्यात खवलेच खवले दिसतात. एकदा सापडलेली विष्ठा आम्ही काडीने पसरून पाहिली. माशांचे पारदर्शक खवले, बारीक काटे, खेकड्याच्या नांगीचा लालसर तुकडा आणि बेडकाचं एक नाजूक हाड. वास तीव्र, मासळीचा, पण त्यात कस्तुरीसारखं काहीतरी मिसळलेलं. एकदा घेतला की विसरत नाही. आमच्या गटातला गॅरेजवाला आता दहा फुटांवरून सांगतो.

मुंगसाची किंवा कुत्र्याची विष्ठा यापेक्षा वेगळी असते. कुत्र्याच्या विष्ठेत खवले नसतात. बगळ्या-पाणकावळ्यांची विष्ठा पांढरी, चुन्यासारखी पसरलेली असते.

दुसरी खूण पायाचा ठसा. ओल्या गाळात पाच बोटं गोलाकार उमटलेली दिसतात आणि गाळ मऊ असेल तर बोटांमधला पडदाही दिसतो. कुत्र्याची चारच बोटं उमटतात. कधी ठशांच्या मधून शेपटी घासत गेलेली रेघ असते. तिसरी खूण घसरगुंडी: काठावरून पाण्यापर्यंत गुळगुळीत झालेला मातीचा पट्टा. चौथी, वाळूत लोळून अंग कोरडं केलेली जागा.

फेरीत आम्ही एका वेळी काठाचा ६०० मीटर भाग चालतो. पाणमांजराच्या पाहणीत जगभर हेच अंतर धरतात, त्यामुळे आमच्या नोंदी दुसऱ्यांच्या नोंदींशी जुळवता येतात. खूण सापडली नाही तरी 'सापडली नाही' असं लिहायचं. हे शिकायला आम्हाला वर्ष लागलं. रिकामी फेरी नोंदवायचा कंटाळा येतो, पण पुढे उपयोगी पडते तीच.

पूर्वी होती म्हणतात. मग कमी का झाली?

कातड्यासाठी शिकार झाली. वाळू उपशाने काठाला पडलेली वाळूची बेटं गेली. वीटभट्ट्यांसाठी माती उपसून काठ खचले. कारखान्यांचं आणि गावांचं सांडपाणी नदीत आलं. हे सगळं तुम्हाला माहीत आहे, वर्तमानपत्रात वाचताच.

जे कमी बोललं जातं ते काठाबद्दल. पाणमांजर दिवसाचा मोठा भाग पाण्याबाहेर घालवतं. त्याला झोपायला, अंग सुकवायला आणि पिल्लं घालायला आडोशाची जमीन लागते. झाडाच्या मुळांखालची पोकळी, खडकातली कपार, दाट झुडपांतलं बीळ. आपल्याकडे नदी आणि ऊस यांच्यामध्ये हा पट्टा उरलेलाच नाही. शेवटची सरी थेट दरडीवर असते. वाळुंज, करंज, उंबर, जांभूळ, निगडी तोडली आणि तिथे आणखी दोन सऱ्या ऊस लावला. पाणी उद्या स्वच्छ झालं तरी काठाला जागा नसेल तर पाणमांजर तिथे राहणार नाही. आमच्या सगळ्या कामाचा गाभा हाच: नदीला थोडा काठ परत द्या.

म्हणजे सगळा दोष ऊस शेतकऱ्याचा?

असं म्हणू नका. आमच्या गटातले निम्मे लोक ऊसच लावतात, माझं घरही त्यावरच चालतं. पण उसाचं वेळापत्रक आणि पाणमांजराचं वेळापत्रक एकमेकांवर कसं आदळतं ते पाहा. आपल्याकडे पाणमांजराची पिल्लं बहुधा हिवाळ्यात असतात. मादीला साधारण दोन महिने गर्भ असतो. दोन ते पाच पिल्लं होतात, डोळे मिटलेली, काही आठवडे बिळातच असतात. नेमका तोच ऊसतोडीचा हंगाम. फड रिकामा झाला की पाचट पेटवतात. आग बांधावरून दरडीवरच्या झुडपांत उतरते, आणि त्याच झुडपांत ती बिळं असतात.

म्हणून आमचं शेतकऱ्यांकडे पहिलं मागणं साधं आहे. पाचट जाळू नका, सरीत कुजवा. ते खत आहे आणि जमिनीतली ओलही धरून ठेवतं. कुणाला जाळायचंच असेल तर निदान नदीकडच्या शेवटच्या पाच-सहा सऱ्या सोडा.

दुसरं मागणं काठाचं. दहा फूट सोडा. माझ्या चुलत्यांनी, आण्णांनी, सगळ्यात आधी सोडले, पण आमच्यावरच्या प्रेमाने नव्हे. २०१९ च्या आणि नंतर २०२१ च्या महापुरात त्यांच्या वावराची कड ढासळून नदीत गेली. पाणी उतरल्यावर दरडीवर उभे राहून ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मला म्हणाले, "पोरा, तिथं ती वाळुंजाची झाडं हुती तवा काय हाललं नव्हतं." पुढच्या पावसाळ्यात आम्ही त्यांच्या कडेला वाळुंजाच्या फांद्या खोचल्या. वाळुंज फांदीवरूनही रुजतं. पाण्याला लागून लव्हाळं आणि वाळा आपोआप आला. आण्णांच्या दोन सऱ्या कमी झाल्या, आणि त्यांचं तेवढं उत्पन्न बुडालं, हे खरं आहे. ते मी लपवणार नाही. पण पुढच्या पुरात कड राहिली.

ऊसतोड मजुरांशीही बोला. ते रोज पहाटे फडात असतात, बिळं सर्वात आधी त्यांनाच दिसतात. गेल्या हंगामात एका टोळीतल्या मावशींनीच आम्हाला सांगितलं की, "तिथं मुळाखाली चीं चीं करतंय." आम्ही त्या भागातली तोड शेवटी ठेवायला लावली.

कोल्हापुरी बंधाऱ्यांमुळे पाणमांजराचं नुकसान होतं का?

फायदा आणि तोटा दोन्ही आहे. आपल्या जिल्ह्याचं नाव ज्याला मिळालं तो कोल्हापुरी पद्धतीचा बंधारा: दगडी खांब आणि त्यांच्या खाचांत बसवलेले बरगे, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या फळ्या. पावसाळा संपला की बरगे घालतात, पावसाळ्यापूर्वी काढतात. त्यामुळे उन्हाळ्यातही नदीत डोह टिकतात, मासे टिकतात, आणि वरच्या अंगाला याचा पाणमांजराला फायदाच होतो.

तोटा खालच्या अंगाला होतो. बंधाऱ्यामागे पाणी महिनोन् महिने तुंबतं, सांडपाणी त्यातच मुरतं. वळवाचा पहिला पाऊस झाला आणि नाल्यांतला साचलेला गाळ नदीत आला, किंवा बरगे एकदम काढले, की ते काळं पाणी एका दमात पुढे जातं. मळी असो की गटाराचं पाणी, त्यातले जिवाणू सेंद्रिय घाण खाताना पाण्यातला प्राणवायू वापरून टाकतात. लिटरमागे चार मिलिग्रॅमच्या खाली प्राणवायू गेला की मासे तग धरू शकत नाहीत. तेरवाड-शिरोळकडे मासे मेल्याच्या बातम्या उन्हाळ्यात का येतात, त्याचं मूळ कारण यात आहे.

आमचं म्हणणं, बरगे टप्प्याटप्प्याने काढा आणि आधी खालच्या गावांना कळवा. हे अवघड नाही. बंधाऱ्यावर काम करणारी माणसं आपल्याच गावातली असतात.

नदीत मासे मेलेले दिसले तर काय करायचं?

घाई करा. दोन-तीन तासांत पाणी पुढे जातं आणि पुरावा त्याच्याबरोबर वाहून जातो.

आधी पाहा, मासे मेलेत की वर तोंड काढून हवा गिळतायत. वांब काठाच्या चिखलात चढायला लागली तर प्राणवायू संपला हे समजा. मरळ मात्र वरची हवा घेऊ शकते, ती शेवटपर्यंत टिकते. मरळही मोठ्या संख्येने मेली असेल तर पाण्यात विष असल्याची शंका घ्यायला हवी. हे भोई मामांनी शिकवलं, आणि ते आजवर चुकलेलं आम्ही पाहिलं नाही.

मोबाइलमध्ये लोकेशन चालू ठेवून फोटो आणि व्हिडिओ घ्या. वेळ, पाण्याचा रंग, वास, फेस लिहा. काठाने वरच्या दिशेला चालत जा आणि जिथे पाणी चांगलं दिसायला लागतं ती जागा नोंदवा. दोषी ओढा किंवा पाइप बहुधा त्याच्याच खाली असतो. मग महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कोल्हापूर कार्यालयाला, ग्रामपंचायतीला आणि तहसील कार्यालयाला लेखी कळवा. पोच घ्या. नमुना अधिकाऱ्यांनी तुमच्यासमोर घ्यावा असा आग्रह धरा, पंचनाम्यावर गावातल्या दोघांच्या सह्या ठेवा. मेलेले मासे कुणालाही खाऊ किंवा विकू देऊ नका.

आमचा एक अनुभव कडू आहे. एका मे महिन्यात आम्ही सकाळी तक्रार दिली, तपासायला माणूस तिसऱ्या दिवशी आला. तोवर वरून पाणी सुटलं होतं आणि नमुन्यात काहीच आलं नाही. त्या दिवसापासून आम्ही घरात दोन स्वच्छ काचेच्या बाटल्या ठेवतो. आपण घेतलेला नमुना कायद्याने पुरेसा नसतो, पण तो पाहून अधिकारी लवकर हलतात.

हा प्राण्याचा प्रश्न आहे की माणसाचा?

२०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली आणि माणसं दगावली. पिण्याच्या पाण्यात घाण मिसळली की काय होतं ते आपल्या जिल्ह्याने पाहिलंय. पाणमांजर त्याच पाण्यातले मासे आयुष्यभर खातं. माशांच्या अंगात साठलेली कीटकनाशकं, जड धातू सगळं त्याच्या अंगात जमा होतं.

मासेमारी करणाऱ्यांचं पाणमांजरामुळे नुकसान होत नाही का?

होतं, थोडंफार. जाळ्यात अडकलेला मासा ते ओढतं आणि जाळं फाटतं. फाटलेलं जाळं पुन्हा विणायला भोई माणसाचा अख्खा दिवस जातो, त्यामुळे त्याचा राग मी समजू शकतो. आमच्या मामांनी त्यावर उपाय काढलाय: पाणमांजराची विष्ठा ताजी असेल त्या डोहात रात्री जाळं टाकून ठेवायचं नाही, पहाटे टाकून लगेच काढायचं.

बांगलादेशात सुंदरबनाच्या बाजूला मच्छीमार याच जातीची पाणमांजरं शिकवून त्यांच्याकडून मासे जाळ्याकडे हाकवून घेतात. पिढ्यान्पिढ्या चाललेलं काम आहे. म्हणजे वैर हे ठरलेलंच असतं असं नाही.

खरं नुकसान कशाने होतं हे मामा स्वतःच सांगतात: जिलेटिनने, ब्लिचिंग पावडरने आणि पाण्यात करंट सोडून मासे मारणाऱ्यांमुळे. एका रात्रीत डोहातलं अंडं-पिल्लू सगळं जातं. हे तिन्ही गुन्हे आहेत. कुणी करताना दिसला तर थेट भांडू नका, पोलिसांना ११२ वर कळवा.

मगरी पाणमांजरांना खातात का?

लहान पिल्लाला धोका असतो. मोठी पाणमांजरं कळपाने मगरीला हुसकावतातही. कृष्णा आणि वारणेत मगरी आहेत, त्यामुळे तिथे फेरी मारताना धोका आपल्यालाच जास्त. पाण्याच्या अगदी कडेला बसू नका.

पिल्लू सापडलं तर घरी आणू का?

नको. आई बहुधा जवळच असते, माणसाच्या चाहुलीने लपलेली. लांब जा, कुत्री हाकला आणि दोन-तीन तास दुरून नजर ठेवा. पिल्लू जखमी असेल, आगीत होरपळलं असेल किंवा आई मेलेली स्पष्ट दिसत असेल तरच वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. दूध पाजू नका. गाई-म्हशीचं दूध त्यांना पचत नाही आणि पिल्लं त्यानेच दगावतात. खोक्यात कोरडा कपडा घालून सावलीत ठेवा, एवढं पुरे.

पाळता येईल का? व्हिडिओत लोक पाळतात.

येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पाणमांजर पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. पकडणं, मारणं, जवळ बाळगणं या सगळ्याला किमान तीन वर्षांची कैद आहे. तसे व्हिडिओ पुढे पाठवू नका. त्यांच्यामुळे मागणी वाढते आणि पिल्लं बिळातून उचलली जातात.

मग फोटो तरी टाकू का?

टाका, पण जागा सांगू नका. 'राधानगरी तालुका' एवढं पुरे, डोहाचं किंवा पुलाचं नाव नको. बिळाचा फोटो तर नकोच. आम्हीही या पानावर आमच्या गावाचं नाव लिहिलेलं नाही, ते याच कारणाने.

निर्माल्य, मूर्ती, रक्षा यांचा पाणमांजराशी काय संबंध?

थेट कमी, नदीशी पुष्कळ. आणि या बाबतीत कोल्हापूरने खरोखर वाट दाखवली आहे. गणेशोत्सवात मूर्तिदान, निर्माल्य वेगळं गोळा करणं, इराणी खणीत (पाणी साचलेल्या जुन्या दगडखाणीत) विसर्जन, 'होळी लहान करा, पोळी दान करा', स्मशानभूमीला शेणीदान. बऱ्याच गावांत आता रक्षा नदीत न सोडता शेतात पसरतात आणि त्या जागी झाड लावतात. रक्षाविसर्जनाची जुनी रीत मोडायला घरातली म्हातारी माणसं कशी तयार झाली, हे ज्याने जवळून पाहिलंय त्याला कळेल की ही काही लहान गोष्ट नाही. माझ्या आजीचं वाळुंज नदीच्या कडेलाच आहे.

केंदाळ (जलपर्णी) काढावं का?

काढावं, पण बेतानं. केंदाळ पाणी झाकतं, खाली उजेड जात नाही, कुजलं की प्राणवायू खातं. मात्र ते वाढतंच मुळी सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदामुळे, त्यामुळे नाला तसाच ठेवून केंदाळ उपसलं तर दोन महिन्यांत पुन्हा येतं. जेसीबीने काठ ओरबाडू नका. दोरीने ओढून एका बाजूला घ्या, काठापासून लांब टाका. त्यावर फवारणी अजिबात नको.

आम्ही शहरात राहतो. आमच्याकडून काय होणार?

जयंती नाला आणि दुधाळी नाला तुमच्याच स्वयंपाकघरातून आणि न्हाणीतून सुरू होतात. सांडपाणी शुद्धीकरण केंद्र पूर्ण क्षमतेने चालतं का, नाल्याचं पाणी बंधारा ओलांडून थेट नदीत कधी जातं, हे महापालिकेला विचारत राहणं हे शहराचं काम आहे. आम्ही गावातून विचारलं तर कुणी ऐकत नाही.

शहरातल्या नदीत पाणमांजर परत येऊ शकतं का, असं कुणी विचारलं की मी सिंगापूरचं सांगतो. तिथे सिंगापूर नदी १९७७ ते १९८७ अशी दहा वर्षं खपून साफ केली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस पाणमांजरं आपणहून परतली आणि आज उंच इमारतींच्या मधून, बागांतून पिल्लं घेऊन फिरतात. आणि ती जात कोणती? आपलीच, मुलायम केसांची. इंग्लंडमध्येही कीटकनाशकांमुळे दिसेनाशी झालेली पाणमांजरं, ती रसायनं बंद केल्यावर, २०११ पर्यंत प्रत्येक परगण्यात परतली. प्राण्याला आणून सोडावं लागेलच असं नाही. वरच्या अंगाला ती अजून आहेत, वाट मोकळी झाली तर खाली येतील.

ग्रामपंचायत काही करू शकते का?

पुष्कळ. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोक जैवविविधता नोंदवही असते. बऱ्याच गावांत ती कपाटात आहे. काढा, आणि त्यात पाणमांजर, त्याच्या जागा, नदीकाठची झाडं लिहून घ्या. पुढे वाळूचा, वीटभट्टीचा किंवा बंधाऱ्याच्या कामाचा विषय निघाला की ही नोंद दाखवता येते.

मोठा विचार करायचा असेल तर कर्नाटकाकडे पाहा. तुंगभद्रेवर २०१५ मध्ये सुमारे ३४ किलोमीटरचा नदीपट्टा पाणमांजरांसाठी राखीव केला, देशात पहिलाच. आपल्या जिल्ह्यात विशाळगड, पन्हाळगड, गगनबावडा, आजरा-भुदरगड, चंदगड अशी संवर्धन राखीव क्षेत्रं झाली आहेत, पण ती डोंगर-जंगलाची आहेत. नदीचा एखादा पट्टा तसा राखावा असं आम्हाला मनापासून वाटतं, आणि त्यासाठी लागणाऱ्या नोंदी आम्ही आतापासून जमवतोय.

फेरीला यायचं असेल तर?

या. शाळेच्या मुलांनाही आणा, पण एका वेळी सहापेक्षा जास्त माणसं नकोत. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, उजाडायच्या आधी. पावसाळ्यात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे निघालं की फेरी बंद, मग थेट ऑक्टोबरमध्ये. मे महिन्याच्या शेवटच्या बुधवारी जागतिक पाणमांजर दिन असतो, त्या आठवड्यात एक जादा फेरी असते.

बूट घाला, चप्पल नको, काठावर काचा असतात. गडद रंगाचे कपडे, अत्तर नको, कुत्रं घरी. वही, पेन्सिल, मोजपट्टी आणि एक रिकामं पोतं आणा, परतताना प्लास्टिक गोळा करतो. चहा भोई मामांकडे असतो.